बोटभर दुकानदार

आमच्या मासळी बाजारातली मावशी पापलेटाचे कल्ले स्वतःहून उघडून दाखवते. लालभडक असले तर. फिकट असले की मासा पाटीखाली सरकवते आणि म्हणते, "आज ऱ्हाऊ दे बाय, बोंबील ने." परवा माझ्या मागोमाग एक कुटुंब गाडीतून उतरलं. त्यांना तिने तेच सरकवलेलं पापलेट विकलं, तेही पूर्ण भावात. मी पाहिलं आणि गप्प बसले, हेही सांगून टाकते.

या वागण्याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं: ओळख. रोजचं गिऱ्हाईक जपायचं, वाटसरूला कापायचं. एसटी स्टँडसमोरचा वडा आणि गल्लीतल्या गाडीवरचा वडा यांतला फरकही याच हिशोबाने कळतो.

मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास या हिशोबाची एक स्पर्धा भरवली. खेळ दोघांचा. प्रत्येकाने दर डावात ठरवायचं, सरळ वागायचं की फसवायचं. दोघं सरळ वागले तर तीन-तीन गुण, दोघांनी फसवलं तर एक-एक. एकाने फसवलं आणि दुसरा सरळ राहिला, तर फसवणाऱ्याला पाच आणि भोळ्याला भोपळा. एकच डाव असेल तर गणित रोखठोक आहे: समोरचा काहीही करो, फसवणं फायद्याचं. पण इथे त्याच जोडीत दोनशे डाव होते. जाणकारांनी चौदा संगणक-प्रोग्रॅम पाठवले, काही भलतेच बेरकी. जिंकला तो सगळ्यांत छोटा, टोरांटोच्या अनातोल रापोपोर्ट यांचा. त्याचा नियम एवढाच: पहिल्यांदा सरळ वाग, मग समोरच्याने गेल्या डावात जे केलं तेच कर. पुढच्या स्पर्धेला बासष्ट प्रोग्रॅम आले. मागच्या वेळी कोण जिंकलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पुन्हा तोच जिंकला. गंमत म्हणजे हा प्रोग्रॅम समोरासमोरच्या लढतीत कुणालाच हरवू शकत नाही. फार तर बरोबरी करतो. पण अनेकांशी तीन-तीनचा धंदा करत करत त्याची बेरीज सगळ्यांच्या वर जाते.

दुसऱ्या वेळी शेवटचा डाव कोणता हे ॲक्सेलरॉड यांनी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शेवटाला फसवायचा मोह आलाच असता. गाव सोडायच्या आदल्या दिवशी वाण्याची उधारी कोण फेडतं?

इथवर मावशीचं वागणं हिशोबात चपखल बसतं. मला अडवलं ते एका माशाने.

हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळ खडकांवर, आपल्या लक्षद्वीपलाही, बोटभर लांबीचा एक मासा राहतो. अंगावर काळा पट्टा, कडेने निळी झाक. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस, आपण त्याला सफाई मासा म्हणू. त्याची जागा ठरलेली असते आणि मोठे मासे तिथे येऊन आपणहून थांबतात: पंख फाकवून, तोंड उघडून, अगदी निश्चल. सफाई मासा त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले, तोंडातले गोचिडांसारखे रक्तपिपासू बारीक जीव टिपून खातो. एरवी ज्याने त्याला सहज गिळलं असतं, अशा हेकरूच्या जबड्यात तो बिनधास्त शिरतो आणि परत येतो. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजदाद केली, तेव्हा असा एक मासा दिवसाला सरासरी बाराशेच्या आसपास परजीवी फस्त करत होता. गिऱ्हाइकांच्या भेटी दोन हजारांवर. दादरच्या फुलबाजारातल्या गाळेवाल्यालाही हेवा वाटावा.

पण या दुकानदाराचा जीव गोचिडांत नाही. त्याला खरी आवडते ती गिऱ्हाइकाच्या अंगावरची बुळबुळ. तो चिकट थर गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी असतो. म्हणजे प्रत्येक भेटीत त्याच्यापुढे दोन ताटं असतात, एक कामाचं आणि एक चोरीचं. चोरीचा घास घेतला की गिऱ्हाइकाच्या अंगाला झटका बसतो. संशोधक पाण्याखाली थांबून हे झटके मोजतात. लबाडीची अशी उघड नोंद माणसांच्या बाजारात मिळाली असती तर अर्थशास्त्रज्ञांचं निम्मं काम वाचलं असतं.

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठाचे रेदुआन ब्शारी यांनी तांबड्या समुद्रात, इजिप्तच्या रास मुहम्मदजवळ, हा बाजार तासन्‌तास पाहिला. तिथे दोन प्रकारची गिऱ्हाइकं होती. काहींचा वावर एवढाएवढासा, त्यांच्या आवाक्यात एकच सफाई मासा. काही लांबवर फिरणारी, त्यांच्या वाटेवर दोन-चार दुकानं. दोन्ही एकदम आली तर आधी सेवा कुणाला?

मावशीच्या नियमाने शेजाऱ्याला मिळायला हवी. सफाई मासा पाहुण्याकडे धावतो आणि शेजाऱ्याला ताटकळत ठेवतो. पाहुणा थांबणार नाही, पुढच्या दुकानात जाईल. शेजारी कुठे जाणार?

हे वाचलं तेव्हा मला मावशी नाही, माझा मोबाइल आठवला. एकाच कंपनीत वर्षानुवर्षं बिल भरणाऱ्या मला कधी फुकटचा एक जीबी मिळाला नाही. नव्याने येणाऱ्याला मात्र पायघड्या. म्हणजे 'ओळखीचं गिऱ्हाईक जपतात' हा नियमच अर्धवट आहे. मावशी मला जपते, कारण तिच्या शेजारच्या ओट्यावर आणखी चौघी बसलेल्या असतात आणि मी रोज त्यांच्यासमोरून चालत जाते. उद्या पुन्हा भेट होणार, एवढ्याने भागत नाही. उद्या ती भेट टाळायची मोकळीकही हातात असावी लागते.

मग अडकलेल्या शेजाऱ्याने काय करायचं? तो पाठलाग करतो. चावा बसला की वळून सफाई माशाच्या अंगावर जातो. अशा पाठलागानंतर पुढच्या भेटीत त्याला निमूट, नीट सेवा मिळते, हेही तपासून पाहिलेलं आहे. शिकारी मासे तर एका घासात हिशोब संपवू शकतात. त्यांच्या वाटेला लबाडी फारच क्वचित जाते.

आणि बघ्यांचं काय? ब्शारी आणि ग्रटर यांचा प्रयोग २००६मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. गिऱ्हाईक मासा आधी लांबून पाहतो आणि ज्याला सरळ काम करताना पाहिलं त्याच्याजवळ जास्त वेळ काढतो. उलट बाजूने, कुणीतरी बघतंय असं दिसलं की सफाई मासाही जास्त सरळ वागतो. अशा प्रयोगांत जिवंत गिऱ्हाइकाऐवजी बऱ्याचदा प्लास्टिकची ताटली वापरतात. तिच्यावर कोळंबीचे आणि माशांच्या साध्या खाद्याचे कण असतात. कोळंबी जास्त आवडीची, पण तिला तोंड लावलं की ताटली पाण्याबाहेर. मासा कोळंबी डोळ्यांसमोर ठेवून साधं खाद्य टिपत राहायला शिकतो. मला माझ्यासमोरच्या काजूकतलीच्या डब्याशी एवढं जमत नाही.

कधी दुकान भागीदारीत चालतं, नर आणि मादी मिळून एकच गिऱ्हाईक साफ करतात. निकोला राइहानी यांनी ब्शारी आणि ग्रटर यांच्यासोबत २०१०मध्ये दाखवलं, की मादीने कोळंबीला तोंड लावलं आणि ताटली गेली, तर नर तिला पिटाळून लावतो. मग पुढच्या वेळी ती जपून वागते. नराला न्यायाची चाड आहे असं समजायचं कारण नाही. त्याचंही जेवण बुडालेलं असतं.

हे सगळं जन्मजात असेल असं मला वाटलं होतं. ते तसं नाही. एक ताटली थांबणारी, दुसरी लगेच निघून जाणारी, आधी कोणती खायची, असं कोडं २०१२च्या एका अभ्यासात मासे, चिंपांझी, ओरांगउटान आणि कापुचिन माकडं यांना घातलं. प्रौढ सफाई माशांनी वानरांवर बाजी मारली. सफाई माशांची पिल्लं मात्र अडखळली. बाजार बघून, चटके खाऊन यावं तसं हे शहाणपण येत असावं.

आलेलं शहाणपण जातंही. लिझर्ड बेटाच्या खडकांवर २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन चक्रीवादळं आदळली. २०१६मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. अभ्यासाच्या जागेवर सफाई मासे सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटले. गिऱ्हाइकंही कमी झाली, पण दुकानं त्याहून जास्त बंद पडली. उरलेल्या माशांना संशोधकांनी तेच जुने प्रयोग पुन्हा दिले. पाहुण्याला आधी वाढायचं हे त्यांना शिकता येईना. बघणारं गिऱ्हाईक असो वा नसो, त्यांच्या वागण्यात फरक पडेना. जात तीच, खडक तेच. आता गर्दी नव्हती आणि नावाला जपायचं कारणही उरलं नव्हतं.

नंबर न बदलता मोबाइल कंपनी बदलायची सोय आपल्याकडे २० जानेवारी २०११ला देशभर सुरू झाली. माशांच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवशी आपण सगळे शेजारी एकदम पाहुणे झालो. कंपन्याही तेव्हा डझनभर होत्या. आता सरकारी धरून चार उरल्या आहेत, आणि त्यांतल्या दोघींची रेंज आमच्या गल्लीत येत नाही.