बैठक सोडवणे (लघुमूर्तींची)

चिकटवलेली लघुमूर्ती जुन्या बैठकीवरून (पायाखालच्या तबकडीवरून) न मोडता उचलून नव्या बैठकीवर बसवण्याची क्रिया. देव्हाऱ्यातील छोट्या मूर्ती, शोकेसमधील बाहुल्या आणि युद्धखेळांतील शिशाचे वा प्लॅस्टिकचे सैनिक या सर्वांना ती लागू पडते. युद्धखेळात बैठकीचे माप बहुधा नियमांनी ठरते. ‘वॉरहॅमर’ या मेजावर मूर्ती मांडून खेळायच्या युद्धखेळाच्या २०१५ मधील नव्या आवृत्तीने चौकोनी बैठकींऐवजी गोल बैठकी आणल्या, तेव्हा अनेकांनी जुने संच नव्याने बसवले.

खानदेशात या क्रियेचे जवळचे नाते सोनारकामाशी दिसते. घडवायचा वा जडवायचा जिन्नस लाखेत किंवा राळेत घट्ट बसवायचा आणि काम झाले की ऊब देऊन सोडवायचा, ही जळगावच्या सराफीतही परिचित असलेली रीत. तीत चिकटवतानाच सोडवण्याची सोय पाहिलेली असते.

या रीतीचे मूळ ‘वज्रलेप’ या प्राचीन टिकाऊ लेपात शोधण्याचा मोह होतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सामान्यतः इ. स. सहावे शतक) त्याचा पाठ आहे : कच्ची टेंभुर्णीची फळे व कवठे, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणाची साल व वेखंड यांचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवायचा आणि त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादी मिसळायचे. यांतील टेंभुर्णी, सालई, सावर, धामण ही झाडे सातपुड्यात आजही आहेत. पण एवढ्यावरून पाठ खानदेशी ठरत नाही. हा लेप सांधणारा की वरून झाकणारा, याविषयी दोन मते संभवतात. प्रासाद, भिंती, विहिरी व प्रतिमा यांना तो तापवून लावावा असे सांगितल्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र लिंग-प्रतिमांच्या उल्लेखामुळे पहिले अगदीच टाकता येत नाही. त्याचे टिकणे कोटी वर्षांचे सांगितले आहे. सोडवण्याचा विचार अर्थातच नाही.

आधुनिक चिकटद्रव्यांत आधी द्रव्य ओळखावे लागते. फेविकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यात भिजवल्यावर मऊ होतो. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) बैठक त्याबरोबर फुगते, तेव्हा ती टाकायचीच असेल तर भिजवणे सोयीचे. फेविक्विकच्या जातीचे सायनोअ‍ॅक्रिलेट सरळ ओढीला बळकट, पण पिळाला आणि धक्क्याला कच्चे. थंडीत ते अधिक ठिसूळ होते. म्हणून मूर्ती फ्रीझरमध्ये एक-दोन तास ठेवून, गार असतानाच बैठक पिळावी. अ‍ॅसिटोनने हा गोंद विरघळतो, पण पॉलिस्टायरीन या कडक प्लॅस्टिकची मूर्ती आणि बहुतेक रंगही त्यासोबत जातात. अ‍ॅसिटोन नुसत्या धातूपुरता ठेवावा. प्लॅस्टिक सिमेंटने जोडलेल्या पॉलिस्टायरीनला यांपैकी कोणताच उपाय चालत नाही, कारण तेथे मधे गोंद उरतच नाही, प्लॅस्टिकच एकजीव होते. अशा वेळी सोनाराच्या बारीक करवतीने पायाखालून कापावे. इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचे चिकटद्रव्य) उष्णतेने सैलावते, रंग मात्र सांभाळावा लागतो. जुन्या शिशाच्या मूर्तींचा तळ घासायचा तो ओलाच, धूळ उडू न देता.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. फ्रीझरमधून काढलेली मूर्ती अशा हवेत पाहता पाहता तापते आणि पिळायचा क्षण हातचा जातो. तेव्हा काम पहाटे करावे, आणि एका वेळी एकच मूर्ती बाहेर काढावी.