मंडळीगायन : नवी चाल शिकवण्याची रीत

चर्चमध्ये उपासनेला जमलेल्या सगळ्यांनी मिळून गाण्याला मंडळीगायन म्हणतात. गायकवृंद सराव करून येतो, मंडळी तशी येत नाही. तिच्यात आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे असतात आणि बहुतेक जण ऐकूनच शिकतात. त्यामुळे अनोळखी गीत देताना वृंदाची आणि मंडळीची रीत वेगळी ठेवावी लागते.

प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधील धर्मपंडितांच्या वेस्टमिन्स्टर सभेने १६४४ मध्ये तयार केलेल्या उपासना-निर्देशिकेत, पुष्कळांना वाचता येत नसेल तेथे स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून दाखवावी आणि मग मंडळीने ती गावी, असे सुचवले होते. ही तात्पुरती सोय स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील गेलिक भाषेत गाणाऱ्या मंडळ्यांत आजही जिवंत आहे. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या सारा ग्लव्हर यांनी अक्षरांची स्वरलिपी बसवली. ती सुधारून जॉन कर्वेन (१८१६–८०) यांनी ‘टॉनिक सोल-फा’ पद्धत रूढ केली. तिच्यातला पहिला स्वर ‘डोह’ आपल्या षड्जासारखा (‘सा’सारखा) कोणत्याही पट्टीत धरता येतो. मिशनऱ्यांबरोबर ती मादागास्करपासून मिझोरामपर्यंत गेली, आणि मिझो मंडळ्या आजही तिच्यावरून चार आवाजांत गातात. मराठीत नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग-भजनाच्या वळणाची गीते रचली आणि कीर्तनही उपासनेत आणले. म्हणून मराठी मंडळीच्या कानात दोन प्रवाह आहेत : ऑर्गनवरची भाषांतरित स्तोत्रे आणि पेटी-तबल्यावरची भजने. एका प्रवाहात मुरलेल्यांना दुसऱ्यातले गीत अनोळखीच वाटते.

पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर षड्ज धरतात ती. शिकवण्याआधी चालीचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर पाहावा. बायकांच्या आवाजाच्या हिशेबाने पेटीवरची खालची पांढरी सहा ते वरची पांढरी दोन एवढाच पल्ला मंडळीला सुखाने झेपतो. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. चाल तार (वरच्या) सप्तकातल्या शुद्ध गंधारापर्यंत (‘ग’) जात असेल, तर पांढरी एकमध्ये तो गंधार पांढरी तीनवर पडतो आणि मागचे बाक गप्प होतात. षड्ज काळी पाचवर आणला की तोच गंधार पांढरी दोनवर येतो. चाल मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून) तार गंधारापर्यंत पसरली असेल, तर कोणतीही पट्टी पुरत नाही. असे गीत वृंदानेच गावे.

मंडळीला शिकवताना. उपासना सुरू होण्याआधीची दहा मिनिटे पुरतात. एकाच व्यक्तीने, साथीशिवाय, साध्या आवाजात गावे. पेटीने सगळे स्वर दाबून साथ दिली की चाल कोणती आणि साथ कोणती हेच कळत नाही. क्रम असा ठेवावा : ध्रुवपद एकदा पूर्ण ऐकवणे, मग एकेक ओळ गाऊन मंडळीकडून म्हणवून घेणे, मग दोन-दोन ओळी जोडणे, शेवटी पूर्ण ध्रुवपद. हाताची उंची स्वराबरोबर वरखाली करावी. नोटेशन न वाचणाऱ्यालाही ते दिसते. मंडळी ओळ म्हणत असताना शिकवणाऱ्याने मुद्दाम गप्प राहावे. तोही गात राहिला तर लोक त्याच्या आवाजामागे लपतात आणि चूक ऐकू येत नाही. चूक आली तर ओळ पुन्हा पूर्ण न गाता तेवढेच दोन स्वर सुटे करून द्यावेत. समजावून सांगणे कमी, गाऊन दाखवणे जास्त.

सगळ्यांत चिवट चूक तिसऱ्या ओळीत होते. पुष्कळ चालींत पहिली आणि तिसरी ओळ सारखीच सुरू होते, पण पहिली ‘ग रे सा’वर उतरते आणि तिसरी ‘ग म प’वर चढते. मंडळी आधी पहिली ओळ शिकलेली असल्यामुळे तिसरीतही खालीच येते. अशी ओळ एकदा चुकीची बसली की वर्षानुवर्षे तशीच गायली जाते. उपाय सोपा आहे : तिसरी ओळ सर्वांत आधी शिकवावी.

शब्द आणि ताल. मराठीत एक खास अडचण अकारान्त शब्दांची आहे. ‘देव’ हा शब्द काही जण ‘देव्’ म्हणून एका स्वरावर धरतात, तर काही ‘दे-व’ असे दोन स्वरांवर गातात. शिकवणाऱ्याने आधीच ठरवून एकच ऐकवावे. भाषांतरित स्तोत्रांत दुसरा घोटाळा उचलीचा असतो. चार मात्रांच्या चालीचे पहिले अक्षर पुष्कळदा चौथ्या मात्रेवर असते. भजनाची सवय असलेला तबलजी त्याच अक्षरावर सम (तालाची पहिली मात्रा) देतो आणि सगळे गीत एक मात्रा सरकते. तीन मोजून चौथ्यावर शब्द उचलावा आणि सम दुसऱ्या अक्षरावर द्यावी.

मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे असतात, तर इंग्रजी स्तोत्रांच्या ‘कॉमन मीटर’ या छंदाचे ८-६-८-६. त्यामुळे शब्द नवे आणि चाल ओळखीची ही युक्ती छंद जुळेल तेथेच चालते. जुळला तर शिकवण्याचे निम्मे काम वाचते.

वृंदाला शिकवताना. आरंभापासून शेवटापर्यंत गाऊन घेण्याची सवय वेळखाऊ आहे. सर्वांत अवघड जागा आधी घ्यावी. शब्द तालात बोलून घ्यावेत, मग चाल ‘ला’वर, मग दोन्ही एकत्र. चार आवाज असतील तर आधी सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) आणि बास (पुरुषांचा खालचा आवाज) जोडावेत. ही चौकट पक्की झाली की अल्टो (बायकांचा खालचा) आणि टेनर (पुरुषांचा वरचा) त्यात बसतात. अल्टोकडे बराच वेळ एकच स्वर असतो, आणि सूर उतरतो तो बहुधा तिथेच. पेटीवर सतत टेकून गाणाऱ्या वृंदाला हे कळतही नाही, म्हणून प्रत्येक सरावात एक कडवे साथीशिवाय गाऊन शेवटी षड्ज तपासावा. सूर उतरला असेल तर ओरडून गायला न लावता हळू आवाजात गाऊन घ्यावे आणि पट्टी अर्ध्या स्वराने वर घ्यावी. पुष्कळदा तेवढ्याने फरक पडतो.

किती वेळा. पहिल्या रविवारी वृंदाने एकट्याने गावे किंवा उपासनेआधी वाद्यावर चाल वाजवावी. दुसऱ्या रविवारी मंडळीला ध्रुवपद द्यावे आणि कडवी वृंदाने गावीत. तिसऱ्या-चौथ्या रविवारी सगळ्यांनी पूर्ण गीत गावे. महिन्याला एकाहून अधिक नवे गीत घेऊ नये. नाताळ आणि पुनरुत्थानाच्या रविवारी तर नकोच, कारण त्या दिवशी एरवी न येणारेही येतात आणि त्यांना ओळखीचे गायचे असते. संडे स्कूलच्या मुलांना दोन आठवडे आधी शिकवले तर फार उपयोग होतो. मुले घरी गुणगुणतात आणि आईवडील चाल ऐकूनच चर्चला येतात.