रस्त्याखालून पाईपलाईन न्यायचीय? अर्ज अडतो तो आडव्या छेदावर

आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राज्यमार्गासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणून उपयोग नाही. सातबारा, पाण्याच्या स्रोताचा पुरावा, साखळी क्रमांकासह (रस्त्यावरचं नेमकं अंतर सांगणारा आकडा) स्थळदर्शक नकाशा आणि हमीपत्र एवढं जमवणं अवघड नसतं.

अवघड असतो तो आडवा छेद, म्हणजे रस्ता आडवा कापून पाईप किती खोल जातो ते दाखवणारं रेखाचित्र. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्रीय मंत्रालयाची अट अशी की केसिंगचा (ज्यातून पाईप ओवतात त्या बाहेरच्या संरक्षक नळीचा) माथा रस्त्याच्या पृष्ठभागापासून किमान १.२ मीटर खाली हवा, शिवाय गटाराच्या तळापासून किमान ०.३ मीटर खाली. इतर रस्त्यांवर त्या कार्यालयाची अट लेखी विचारून घ्या. महामार्गाच्या अटीतला गटाराचा भाग लोक वाचतच नाहीत. समजा रस्त्याची पातळी १००.०० मीटर आणि गटाराचा तळ ९८.९०. पहिल्या अटीने माथा ९८.८० चालतो, पण गटाराखाली जेमतेम १० सेंटिमीटर माती उरते. म्हणजे माथा ९८.६० ला न्यावा लागतो. काही नकाशांत खोली पाईपाच्या मध्यापर्यंत मोजलेली असते. असा नकाशाही परत येतो.

खोलीचा हट्ट उगाच नाही. चाकाचा भार बिंदूभार (एकाच ठिकाणी एकवटलेला) धरला तर दाब खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, ०.६ मीटरवर तो १.२ मीटरच्या चौपट होतो. चार टायरच्या एकेरी आसाची (अ‍ॅक्सलची) कायदेशीर भारमर्यादा २०१८ मध्ये १०.२ वरून ११.५ टन झाली, आणि उसाची ट्रॉली कोणाची मर्यादा पाळते ते गाळप हंगामात दिसतंच.

‘खाली कातळ आहे, तेवढं खोल जाता येत नाही, वरून सहा इंच काँक्रीट टाकतो’ हे अर्जदाराचं उत्तर मान्य होत नाही, आणि होऊही नये. पाईपावर थेट ओतलेलं काँक्रीट भार पाईपावरच देतं. स्लॅब चरापेक्षा रुंद हवा, दोन्ही बाजूंना न खोदलेल्या जमिनीवर टेकलेला हवा आणि पाईप व स्लॅबमध्ये वाळूचा थर हवा. हे गणितासह छेदात दाखवा.

केसिंग फक्त डांबराच्या रुंदीइतकं धरू नका. भरावात ते उताराच्या पायथ्यापासून पायथ्यापर्यंत आणि खोदाईत गटारापासून गटारापर्यंत लागतं. व्यास इतका ठेवा की रस्ता न उकरता आतला पाईप ओढून काढता येईल. ११० मिलिमीटरच्या एचडीपीई (जाड प्लॅस्टिकच्या) पाईपाला २०० चं केसिंग सोयीचं पडतं. केसिंगच्या आत पीव्हीसीचा सॉकेट जोड टाळा. मोरीतून पाईप ओवणं तर विसराच.

रस्ता नुकताच झाला असेल तर त्याचा दोषदायित्व कालावधी (ज्यात दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची असते) कधी संपतो ते अर्जाआधीच विचारा; तोवर चर खोदायला बहुधा नकारच मिळतो, जॅक पुशिंगने (रस्ता न खोदता बाजूने पाईप आत ढकलून) मात्र परवानगी मिळू शकते. परवानगीची मुदत पत्राच्या तारखेपासून मोजतात की काम सुरू झाल्यापासून, तेही पत्रात वाचा. मे महिन्यात पत्र घेऊन ठेवलं तर पावसाळ्यात खोदू देत नाहीत, आणि मुदत मात्र संपत राहते.

पलीकडची जमीन दुसऱ्याची असेल तर रस्त्याची परवानगी तिथे लागू होत नाही. संमती मिळत नसल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे वेगळा अर्ज करावा लागतो.