फोन सहावीत, खातं दहावीनंतर

"सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडेच नाही." पाचवी-सहावीच्या आसपास बहुतेक घरांत फोनसाठी हे वाक्य कानावर पडतं. आपल्याकडे त्याची ठरलेली उत्तरं दोन. एक, "दहावी होऊ दे, मग बघू." दुसरं जरा माहितगार घरांतलं, "तेरा पूर्ण झाल्यावर." दहावीचं समजू शकतं, तो निकालाचा मान आहे. पण तेराचा आकडा आला कुठून?

तो आला अमेरिकेतून. १९९८ साली तिथे मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला. १३ वर्षांखालच्या मुलाची वैयक्तिक माहिती पालकांना विचारल्याशिवाय गोळा करायची नाही, हा त्याचा गाभा. मसुदा मांडणाऱ्यांना १६ हवं होतं, तडजोडीत १३ उरलं. पुढे आलेल्या समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी पालकांच्या परवानग्या गोळा करत बसण्यापेक्षा तेराच्या आतल्यांना दारच बंद केलं, निदान कागदोपत्री. म्हणजे हा आकडा माहितीच्या व्यापारातून आला, मेंदूच्या अभ्यासातून नव्हे. भारताच्या २०२३च्या माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून समाजमाध्यमांवर १६ची अट घातली. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. तो फोनला हात लावत नाही, खात्याला लावतो. फोन आणि खातं ही फारकत आपण घरात फारशी करत नाही, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो.

त्याआधी एक भीती बाजूला ठेवू. फोनच्या लहरींनी मुलांच्या मेंदूत गाठी होतात का, हे पाहायला १४ देशांत मोबी-किड्स नावाचा अभ्यास झाला, त्यात भारतही होता. १० ते २४ वयाचे मेंदूत गाठ असलेले सुमारे ९०० रुग्ण आणि गाठ नसलेले सुमारे १९०० जण यांच्या फोनवापराची तुलना केली. फोनमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. काळजी करायचीच तर ती लहरींची नको.

आता मेंदूकडे. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, "थांब, आधी विचार कर" म्हणणारा. तो पुरता घडायला विशी उलटून जाते. बक्षिसाची ओढ लावणारा खोलवरचा भाग मात्र वयात येतानाच जोर धरतो. हे बऱ्याच पालकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. त्यातली खरी मेख वेगळी आहे. निवांतपणे, एकट्याने विचार करायचा असेल तर सोळा वर्षांचं मूल जवळपास मोठ्यांइतकंच बरोबर वागतं. गडबड होते ती मन तापलेलं असताना आणि चार मित्र बघत असताना.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची, पिवळा दिवा लागला की ठरवायचं, थांबायचं की दामटायचं. पुढे गेलं तर गुण वाढतात, पण आपटलं तर सगळे जातात. पाठीमागे दोन मित्र उभे केले, तेव्हा १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतली होती त्यापेक्षा बरीच जास्त जोखीम घेतली. चोवीसच्या पुढच्यांना मागे कोण उभं आहे याने फारसा फरक पडला नाही.

म्हणून "आमचा खूप जबाबदार आहे" ही कसोटी मला तोकडी वाटते. किल्ली हरवत नाही, शिकवणीहून वेळेवर येतो, सुट्टे पैसे मोजून परत देतो. हे सगळं आपण पाहतो ते थंड डोक्याचं मूल. फोनवर खातं उघडलं की पाठीमागे दोन मित्र नसतात, अख्खा वर्ग असतो, आणि तो रात्री घरी जात नाही.

लाइक मिळाल्यावर डोक्यात काय होतं, हे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मेंदूच्या स्कॅनरमध्ये पाहिलं. १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना इन्स्टाग्रामसारखी छायाचित्रं दाखवली, त्यांत त्यांचे स्वतःचेही फोटो होते. खाली लाइकचे आकडे होते. तुमच्याच वयाच्या मुलांनी दिलेत असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते संशोधकांनीच टाकले होते. एकच छायाचित्र निम्म्यांना भरपूर लाइकसह दिसत होतं, निम्म्यांना मोजक्या. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की बक्षिसाची केंद्रं उजळत. दुसऱ्यांच्या फोटोंनाही मुलं आकडा बघूनच लाइक देत होती. सिगारेट-दारूचे फोटो समोर आले तेव्हा तर मनाला आवर घालणाऱ्या भागांची हालचाल साध्या फोटोंच्या मानाने कमी झाली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून कुठलाही कायदा करू नये; पण रस्त्यावरचा पिवळा दिवा इथे लाइकच्या रूपात परत दिसतो.

मग फोन उशिरा दिला तर मूल वाचतं का? इथे पुरावा आपल्या अपेक्षेइतका सरळ नाही. स्टॅनफर्डच्या गटाने उत्तर कॅलिफोर्नियातल्या कमी उत्पन्नाच्या लॅटिनो घरांतली अडीचशेहून अधिक मुलं सुमारे पाच वर्षं पाहिली. पहिला फोन सरासरी ११.६व्या वर्षी आला. लवकर मिळाला की उशिरा, यावरून झोप, गुण किंवा उदासी यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दुसरीकडे एमी ऑर्बेन आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये ब्रिटनच्या माहितीतून दाखवलं, की समाजमाध्यमांचा वापर जास्त असेल तर वर्षभराने समाधान थोडं कमी दिसतं, आणि हा संबंध काही वयांतच ठळक होतो. मुलींमध्ये ११ ते १३, मुलांमध्ये १४-१५, आणि पुन्हा दोघांत १९च्या सुमाराला. परिणाम सरासरीने लहान आहे. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला दिसतं ते असं, की हातात यंत्र कधी आलं यापेक्षा त्यावर काय उघडलं आणि कोणत्या वयात, हे जास्त महत्त्वाचं.

झोपेबद्दल मात्र मी इतका मवाळ नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळची सातची शाळा असेल तर सहाला उठायचं, म्हणजे नऊला दिवा बंद. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, आणि नुकती वयात येऊ लागलेली मुलं संध्याकाळच्या उजेडाला मोठ्या मुलांपेक्षा हळवी असतात; मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, त्यांच्यात जास्त दबतं. पण स्क्रीनच्या निळ्या प्रकाशावर सगळं खापर फोडू नये. तो अडवणारा पिवळा चष्मा लावूनही वर्गाच्या ग्रुपवर सव्वाअकराला भांडण सुरूच असतं. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आईबाबांचाही तिथेच. सूट नाही.

एकट्या घराने हे करायला जावं तर "फक्त माझ्याकडेच नाही" पुन्हा सुरू होतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२मध्ये यावर गावकी केली. संध्याकाळी सातला भोंगा, सगळ्यांचे फोन-टीव्ही बंद, दीड तासाने पुन्हा भोंगा. सगळेच एकदम बाहेर, म्हणून कोणीच मागे पडत नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्शी गावाने अठराखालच्यांना मोबाइलबंदीच केली. मला वडगावचा मार्ग पटतो. तो वेळ बांधतो, वय नाही. आणि वयाच्या नियमाला आपल्याकडे आणखी एक कीड आहे. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या २०२३च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८च्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. हा फरक कुठल्याही मेंदूविज्ञानातून आलेला नाही.

माझा हिशोब विचाराल तर तो असा. मूल एकटं शिकवणीला किंवा बसने जाऊ लागलं, साधारण सहावीत, की फोन लावता-उचलता येणारा साधा फोन. वर्गाचा ग्रुप आईच्या फोनवर. स्वतःचं समाजमाध्यमाचं खातं दहावीनंतर, तेही सुरुवातीला ओळखीच्यांपुरतं.

प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे पहिला फोन दुकानातून येतच नाही, आईचा जुना खाली उतरतो. त्यात आईचं गूगल खातं असतं, यूपीआय असतं, आणि खात्यातली जन्मतारीख १९८४ची. यूट्यूबच्या लेखी समोर चाळिशीची बाई बसलेली आहे, त्यामुळे वयाची एकही चाळण लागत नाही. तेव्हा हातात देण्याआधी फोन फॅक्टरी रिसेट करायचा, मुलाची खरी जन्मतारीख घालून त्याचं खातं पालकांच्या फॅमिली लिंकला, म्हणजे पालकांना लक्ष ठेवू देणाऱ्या गूगलच्या ॲपला, जोडायचं, आणि यूपीआयचं सिम काढून घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.