दुल्से डिजिटल

टाइप 2 मधुमेह असलेल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) रुग्णांसाठी अमेरिकेतील सॅन डिएगोच्या स्क्रिप्स व्हिटियर डायबेटिस इन्स्टिट्यूटने राबवलेला, साध्या एसएमएसवर चालणारा कार्यक्रम. संस्थेचे ‘प्रोजेक्ट दुल्से’ हे मधुमेह-वर्ग आधीपासून होते. पण कामाचा खाडा करून वर्गाला येणे सर्वांना परवडत नाही. म्हणून त्याच अभ्यासक्रमातून छोटे संदेश तयार करण्यात आले.

2012 ते 2014 या काळात सामुदायिक दवाखान्यांतून 126 जण चाचणीसाठी निवडले गेले. बहुतेकांचा जन्म मेक्सिकोतला, बहुसंख्य विम्याविना. त्यांचे दोन गट केले: एकाला संदेश, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. साखर मोजायचे ग्लुकोमीटर आणि पट्ट्या दोन्ही गटांना मिळाल्या. संदेश-गटाला सुरुवातीला दिवसाला दोन-तीन संदेश जात, पुढे ते कमी होत. काही माहितीचे व उमेद देणारे, काही औषधाची आठवण करणारे, तर काही साखर मोजून आकडा कळवायला सांगणारे. कार्यक्रमाचा खरा कणा या तिसऱ्या प्रकारात आहे: आकडा 250 मिग्रॅ/डेसिलिच्या वर किंवा 70च्या खाली आला की समन्वयक फोन करून कारण विचारी. सहा महिन्यांत संदेश-गटाचे सरासरी एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारे रक्तचाचणीचे माप) 9.5वरून 8.5 टक्क्यांवर आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे 9.6वरून 9.4वर.

असे संदेश लिहिताना अडचण येते ती अक्षरांची. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात स्पॅनिशमधले é आणि ñ आहेत, पण á, í, ó, ú नाहीत. यांतले एक अक्षर आले तरी मर्यादा 160वरून 70 अक्षरांवर घसरते आणि लांब संदेशाचे तुकडे होऊन खर्च वाढतो. नेमका साखरेसाठीचा ‘azúcar’ हा शब्दच त्यात सापडतो. (देवनागरीलाही सहसा हीच 70ची मर्यादा, शिवाय काना-मात्रा वेगळे मोजले जातात.) मजकूरही ताटातला हवा. ‘कर्बोदके कमी करा’ यापेक्षा ‘मक्याची सहा इंची एक टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) म्हणजे सुमारे 15 ग्रॅम कर्बोदके’ हे कामाला येते.

प्रीपेड फोनचा नंबर बदलला की रुग्ण यादीतून निसटतो. पट्ट्या संपल्या की उत्तरे थांबतात. म्हणून उत्तर न येणे हेही फोन करण्याचे कारण धरावे लागते. घरात फोन एकच असेल, तर आजाराचे नाव संदेशात न लिहिलेले बरे.

लॉस एंजेलिसमध्ये आपत्कालीन विभागातल्या 128 रुग्णांवर झालेल्या ‘टेक्स्ट-मेड’ चाचणीत रोज दोन, मुख्यतः एकतर्फी संदेश सहा महिने गेले. तिथे एचबीए1सीची घट संदेश घेणाऱ्यांत 1.05 आणि न घेणाऱ्यांत 0.60 होती, पण हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. दोन्हीकडचे रुग्ण वेगळे असल्याने थेट तुलना करता येत नाही.