समता : समाजातील आणि भाषेतील (नागपूरच्या संदर्भात)

माणसामाणसांत जन्मावरून दर्जाचा भेद न मानणे आणि तो न मानल्याचे रोजच्या व्यवहारात दिसणे, म्हणजे समता. सगळ्यांची कमाई, बुद्धी किंवा ताकद सारखी असावी, असा तिचा अर्थ नाही. भारताच्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द आहेत आणि अनुच्छेद 14 ते 18 मध्ये त्यांचा तपशील येतो. त्यांपैकी अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद 17 सर्वांना ठाऊक असतो. अनुच्छेद 18 सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही, पण भाषेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. त्याने राज्यसंस्थेला लष्करी व शैक्षणिक उपाधी सोडून इतर किताब देण्यास मनाई केली. रावबहादूर, रायबहादूर ही नावाआधीची बिरुदे पुन्हा वाटली गेली नाहीत, ती त्यामुळे.

नागपूरची पार्श्वभूमी

समतेच्या चळवळीत नागपूरचे नाव 1956च्या आधीपासून येते. 1920 साली राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली येथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. जुलै 1942 मध्ये भरलेल्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या राजकीय पक्षाची स्थापना ठरली. त्याच वेळी दलित महिलांची स्वतंत्र परिषदही झाली आणि सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि उपस्थित लाखो अनुयायांना दिली. त्या वेळच्या 22 प्रतिज्ञांपैकी नववी सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची आहे आणि दहावी समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची. मानणे आणि प्रस्थापित करणे या दोन वेगळ्या प्रतिज्ञा आहेत, हे सहसा नजरेतून सुटते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी 1954च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते.

अभिवादन

भाषेतली समता शब्दाच्या गोडव्यावरून ओळखता येत नाही. एकाने वापरलेला शब्द दुसऱ्याला उलट वापरता येतो का, ही तिची कसोटी. गावगाड्यात महाराने ‘जोहार’ म्हणायचे, तेही अंतर राखून, आणि समोरून ‘जोहार’ परत यायचा नाही. शब्द आदराचाच होता, पण तो एकाच दिशेने जाई. हाच ‘जोहार’ विदर्भातले गोंड आपसांत ‘सेवा जोहार’ म्हणून घालतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी तोच शब्द येतो आणि त्यात कमीपणा राहत नाही.

‘जय भीम’ रूढ करण्याचे श्रेय नागपूरलगतच्या कामठीचे बाबू हरदास (1904–1939) यांना दिले जाते. ते 1937 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले होते. सुरुवातीला ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तर सुचवलेले होते. पुढे दोन्हीकडून ‘जय भीम’च राहिले. मंत्री असो की रिक्षावाला, म्हणायचे तेच आणि ऐकायचे तेच.

तू, तुम्ही आणि मावशी

मराठीत क्रियापदच दर्जा सांगते. नागपुरी बोलीत ‘तू’ मोकळेपणाने चालतो. आई, मावशी, आजीलाही ‘तू’च म्हणतात आणि मित्राला तर ‘का बे’. म्हणून येथे नुसत्या ‘तू’वरून अपमान ठरवता येत नाही. परतीचा शब्द पाहावा लागतो. घरकाम करणाऱ्या पन्नाशीच्या बाईला घरातला कॉलेजातला मुलगा ‘मावशी, तू उद्या लवकर ये’ म्हणतो आणि ती त्याला ‘हो जी, येतो दादा, तुमी काळजी नका करू’ असे उत्तर देते. नाते तोंडी लावले, पण ते एकतर्फीच राहिले. सख्ख्या मावशीने भाच्याला ‘तुमी’ म्हटले नसते. ‘मावशी, उद्या लवकर या’ एवढ्या बदलाने निम्मे काम होते. उरलेले निम्मे पगारी सुटी आणि चहाचा वेगळा कप यांवर ठरते.

दुसरी खूण आडनावाची. घर भाड्याने घेताना ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न येतो आणि विदर्भात तेवढ्याने भागत नाही. मेश्राम बौद्धांतही आहेत, गोंडांतही. वानखेडे अनेक जातींत आहेत. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणते मेश्राम?’ प्रश्न सभ्य भाषेत विचारला जातो आणि नकारही सभ्य भाषेतच मिळतो. ‘घरमालकाचा विचार बदलला’ असे सांगतात.

नावे बदलणे

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली. निर्णय योग्यच होता, पण तो दोन ठिकाणी अडतो. पाटी बदलली तरी घरकराची पावती, रेशनकार्ड आणि मतदार यादी यांत जुने नाव तसेच राहते. ही कागदपत्रे वेगवेगळ्या कार्यालयांत असतात आणि एकातली दुरुस्ती दुसऱ्यात आपोआप जात नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. वस्ती तीच, गावाच्या त्याच टोकाला, पाण्याची लाइन तशीच अपुरी असेल, तर ‘भीमनगर’ म्हणताच ऐकणाऱ्याला जात कळते. जुन्या नावाचा वास नव्या नावाला लागायला एक पिढीही लागत नाही.

कामांच्या नावांतही तेच घडते. झाडूवाला हा सफाई कामगार झाला, पुढे स्वच्छता कर्मचारी झाला. पण नागपूर महापालिकेत बदलीवर काम करणाऱ्याला ‘ऐवजदार’ म्हणतात आणि त्याला फरक पडतो तो ऐवजदाराचा कायम कर्मचारी झाल्यावर. मोलकरणीला राज्याच्या 2008च्या कल्याण मंडळ कायद्याने ‘घरेलू कामगार’ म्हटले. शब्द हिंदी वळणाचा आहे, तरी त्यात ‘कामगार’ आले, हे मोलाचे. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले, त्याबद्दल त्या व्यक्तींमध्येच दुमत आहे. 2016च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि सरकारी नोकरीतले आरक्षण 3 वरून 4 टक्के केले. नावापेक्षा हा बदल मोठा.

‘दलित’ या शब्दावरचा वाद नागपुरातच गाजला. जून 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने माध्यमांतील या शब्दाच्या वापराबाबत केंद्राला विचार करण्यास सांगितले आणि ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना ‘अनुसूचित जाती’ वापरण्याचा सल्ला दिला. अनेक कार्यकर्त्यांचा याला विरोध होता. ‘दलित’ हे चळवळीने स्वतः घेतलेले नाव, तर ‘अनुसूचित जाती’ हे सरकारी यादीतले. शासकीय कागदात दुसरे आणि चळवळीबद्दल लिहिताना पहिले, हा भेद पाळणे सोयीचे. धर्मांतरितांना मात्र ‘बौद्ध’ म्हणावे. ‘नवबौद्ध’ हा शब्द सरकारी योजनांत आहे, पण दोन-तीन पिढ्या झाल्यावरही ‘नव’ कशासाठी, हा आक्षेप रास्त आहे.

शिवी आणि कायदा

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, 1989 नुसार या समाजांतील व्यक्तीला या समाजांबाहेरील कोणी सार्वजनिक दृष्टिपथातील ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ केली, तर तो गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 5 वर्षे आणि दंड. अनेक प्रकरणे ‘सार्वजनिक दृष्टिपथ’ या अटीवर ढिली पडतात. चार भिंतींच्या आत, बाहेरचा कोणी हजर नसताना उच्चारलेले शब्द तीत बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले. म्हणून तक्रारीत जागा, वेळ, हजर असलेले लोक आणि उच्चारलेले नेमके शब्द लिहावेत. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढेच लिहिल्यास खटला लंगडा होतो. तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो.

लिंग आणि अर्ज

मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण क्रियापदाला आहे. छापील शपथपत्रात ‘मी शपथ घेतो की’ असले, की बाई तेथे पेनाने ‘घेते’ करते. ‘घेतो/घेते’ असे दोन्ही छापणे हा जुना उपाय. ‘माझे शपथेवर कथन असे की’ ही रचना त्याहून सुटसुटीत. अर्जदार, मतदार, उमेदवार, सरपंच, महापौर हे शब्द दोघांनाही चालतात. त्यांना स्त्रीलिंगी शेपूट जोडू नये. ‘सौ.’, ‘कु.’ यांतून बाईचे लग्न झाले की नाही ते कळते, पुरुषाच्या ‘श्री.’तून कळत नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर राज्यात आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे आहे. ज्या नमुन्यांत अजून तीनच रकाने आहेत, तेथे आईचे नाव पहिल्या रकान्यात मुलाच्या नावाला लागून लिहिले, तर पुढे दाखल्यांची नावे जुळत नाहीत. त्यामुळे नमुना बदलून घेणेच बरे.