सरडगुहिरा (पाळीव) : नेत्रविकार आणि निगा

सरडगुहिरा किंवा शॅमेलिऑन हा कॅमेलिऑनिडी कुलातील, झाडांवर राहणारा आणि दिवसा वावरणारा सरडा. या कुलात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये सापडतात. घरात पाळण्यासाठी जगभर मुख्यतः तीन जाती विकल्या जातात : येमेन व सौदी अरेबियातील डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड, मादागास्करच्या किनारी भागातील भडक रंगांचा पँथर आणि केनिया-टांझानियाच्या डोंगराळ प्रदेशातील तीन शिंगांचा जॅक्सन. पशुवैद्याकडे आणल्या जाणाऱ्या सरडगुहिऱ्यांत डोळ्यांच्या तक्रारी नेहमी दिसतात. मात्र दुखणे डोळ्यात दिसत असले, तरी त्याचे मूळ बहुतेक वेळा पिंजऱ्यात, म्हणजे पाणी, आहार किंवा दिव्याच्या मांडणीत असते. नुसते थेंब घालून भागत नाही ते यामुळेच.

डोळ्याची रचना : सरडगुहिऱ्याच्या वरच्या व खालच्या पापण्या एकमेकींना जुळून त्यांचा बारीक खवल्यांनी मढलेला शंकू बनलेला असतो. शंकूच्या टोकाला बाहुलीपुरते छिद्र उरते आणि नेत्रगोलाबरोबर सगळा शंकूच फिरतो. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे आडवा सुमारे १८० अंश आणि उभा सुमारे ९० अंश वळू शकतो. भक्ष्य हेरले की दोन्ही डोळे पुढे रोखले जातात आणि धडाच्या दीडपट-दुप्पट लांबीची जीभ सुटते. भक्ष्याचे अंतर हा प्राणी कसे मोजतो, याचे उत्तर गमतीदार प्रयोगातून मिळाले. लिंडसे हार्कनेस यांनी सरडगुहिऱ्यांना चक्क चष्मे चढवले. भिंगांमुळे जिभेचा नेम ठरावीक हिशेबाने चुकू लागला. त्यावरून हा प्राणी डोळ्याचे भिंग जुळवताना होणाऱ्या बदलावरून अंतर ताडतो, हे त्यांनी १९७७ मध्ये दाखवले. पुढे १९९५ मध्ये माथियास ओट आणि फ्रांक शेफेल यांनी सरडगुहिऱ्याचे नेत्रभिंग प्रकाश एकवटणारे नसून पसरवणारे असल्याचे सिद्ध केले. प्रकाश एकवटण्याचे काम बाहेरचे पारदर्शक पटल करते. या जोडीमुळे पडद्यावर मोठी प्रतिमा उमटते आणि एका डोळ्यानेही अंतराचा अंदाज बांधता येतो.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने यातला कामाचा भाग असा, की पटलावर जरा धूसरपणा आला, तरी नेम बिघडतो. त्यामुळे विकाराची पहिली खूण पुष्कळदा डोळ्यात न दिसता जिभेत दिसते. प्राणी किड्याकडे बघतो, तोंड उघडतो, जीभ सुटते आणि किड्याच्या बाजूला पडते. दोन-चारदा असे झाले की तो नादच सोडतो. मालक सांगतो, ‘खात नाही.’ भूक गेलेली नसते, नेम गेलेला असतो.

अश्रुनलिका डोळ्यातून निघून तोंडात, टाळ्याच्या बाजूला उघडते. म्हणून तोंड आलेल्या प्राण्याचा संसर्ग डोळ्यापर्यंत चढू शकतो. डोळा तपासताना जबडा उघडून पाहणारा पशुवैद्य उगाच वेळ काढत नसतो.

स्वाभाविक काय, विकार कोणता : संध्याकाळी दिवे मालवायच्या सुमारास किंवा पिंजऱ्यात पाण्याची फवारणी चालू असताना एखाद्या डोळ्याचा शंकू एकाएकी टम्म फुगतो, आत गोल वळवळतो, छिद्र भलतीकडेच सरकते आणि प्राणी तो भाग फांदीवर किंवा पानाच्या कडेवर घासतो. नवख्या माणसाची यावेळी भंबेरी उडते. हा प्रकार डोळा धुण्याचा असून काही मिनिटांत सूज उतरते व डोळा पूर्ववत होतो. तोच प्रकार दिवसातून वारंवार होऊ लागला, किंवा सकाळपर्यंत फुगवटा ओसरला नाही, तर मात्र आत काहीतरी अडकले आहे असे समजावे.

रात्री सरडगुहिरा रंग फिका करून, दोन्ही डोळे मिटून गाढ झोपतो. दिवसा दिवा चालू असताना त्याने डोळे मिटणे, मग तो एकच डोळा का असेना, हे आजाराचे लक्षण धरावे. फांदीवर बसून पेंगणारा सरडगुहिरा फोटोत गोड दिसतो, पण तो सुस्तावलेला नसून आजारी असतो. शिकार होणारे प्राणी दुखणे शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे डोळे मिटण्यापर्यंत गोष्ट गेली म्हणजे बराच वेळ आधीच गेलेला असतो. अशा प्राण्याला ‘बघू दोन दिवस’ म्हणून ठेवू नये.

पाण्याची कमतरता : शंकू आत ओढल्यासारखा, खळगा पडल्यासारखा दिसला, तर पहिला संशय निर्जलीकरणाचा घ्यावा. सरडगुहिरा वाटीतले साचलेले पाणी सहसा ओळखत नाही. तो पानावरचे हलते, चमकते थेंब टिपतो. वाटी भरून ठेवून निश्चिंत राहणाऱ्या घरात प्राणी तहानेने झुरतो. विष्ठेबरोबर पडणारा युरिक आम्लाचा भाग पांढरा असेल तर पाणी पुरेसे आहे. तो पिवळा-नारिंगी आणि खडूसारखा कोरडा झाला, की कमी पडते आहे. पाणी कमी पडले की डोळा धुण्यासाठी लागणारे अश्रूही आटतात आणि एरवी सहज निघून गेलेला कण आतच रुततो.

अ जीवनसत्त्वाचा अभाव : सूज, मिटलेले डोळे आणि चुकणारा नेम असे तिन्ही एकत्र दिसले की या कारणाचा विचार आधी होतो. अ जीवनसत्त्व कमी पडले की डोळ्याच्या ग्रंथींचे व नलिकांचे ओलसर अस्तर जाड, शुष्क, त्वचेसारखे होते. नलिका तुंबतात, निघालेल्या पेशी साचून आत घट्ट बोळा तयार होतो आणि पापण्या फुगतात. वर जिवाणूंचा संसर्ग चढतो. जिभेच्या टोकाचा चिकटपणाही कमी होतो, म्हणून नेम लागला तरी किडा सुटतो. कात तुकड्यातुकड्याने निघणे आणि नरांमध्ये जननेंद्रियाच्या पिशवीत बोळे अडकणे ही याच अभावाची इतर चिन्हे होत.

बाजारात मिळणाऱ्या रातकिड्यांत व झुरळांत हे जीवनसत्त्व फारच थोडे असते. किड्यांना गाजर, रताळे, हिरव्या पालेभाज्या खाऊ घातल्याने कॅरोटीन मिळते, पण त्यातून सरडगुहिऱ्याला पुरेसे अ जीवनसत्त्व तयार करता येईलच असा भरवसा नाही. म्हणून तयार रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचे शरीराला थेट वापरता येणारे रूप) असलेली बहुजीवनसत्त्व पावडर महिन्यातून साधारण दोनदा किड्यांवर भुरभुरवतात. पुड्यावर फक्त बीटा कॅरोटीन लिहिले असेल, तर ती पावडर या कामाची नाही. याच्या उलट टोकाला जाणारेही असतात. अ जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्याने शरीरात साठते. त्याचे इंजेक्शन जास्त झाले तर कातडी सोलून निघते आणि ड जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा येऊन हाडे ठिसूळ होऊ शकतात. माणसांच्या अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल टोचून सरडगुहिऱ्याच्या तोंडात पिळणे हा प्रकार टाळावा. मात्रा वजनानुसार पशुवैद्यानेच ठरवायची असते, कारण प्रौढ प्राण्याचेही वजन बहुधा दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर असते.

दिवे : हाडांसाठी अतिनील-बी किरण अत्यावश्यक आहेत. तेच किरण जवळून व तीव्र पडले, तर डोळ्याचे पटल भाजते. डोळे घट्ट मिटणे, पाणी येणे आणि दिव्यापासून तोंड फिरवणे ही त्याची चिन्हे. पीळदार लहान बल्बांपैकी काही जुन्या बनावटींनी असे अपाय केल्याचे सरपटणाऱ्या इतर प्राण्यांतही नोंदले गेले आहे. लांब नळीचा टी-५ दिवा पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवणे अधिक सुरक्षित. ऊन खाण्याच्या फांदीवर अतिनील निर्देशांक व्हेल्ड व पँथरसाठी ३ च्या आसपास पुरतो. नवा दिवा लावल्यावर दोन-तीन दिवसांत डोळे मिटू लागले, तर आधी दिवा तपासावा. प्रकाश दिसत राहिला तरी नळीतील अतिनील किरण कालांतराने मंदावतात, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीनंतर ती बदलतात.

इजा व संसर्ग : नारळाच्या काथ्याचा भुसा, पानाची टोकदार कड, कातेचा राहिलेला तुकडा, इतकेच नव्हे तर किड्यांवर सढळ हाताने फासलेली कॅल्शियमची पावडरसुद्धा डोळ्यात जाते. रात्री पिंजऱ्यात मोकळे राहिलेले रातकिडे झोपलेल्या सरडगुहिऱ्याच्या पापण्या कुरतडतात. उरलेले किडे संध्याकाळी वेचून काढणे ही फुकटची आणि सर्वांत दुर्लक्षित काळजी आहे. पटलावर ओरखडा उठला की त्यात जिवाणू शिरून व्रण होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू सस्तन प्राण्यांप्रमाणे पातळ नसतो. तो पनीरसारखा घट्ट साकळतो, आपोआप वाहून जात नाही आणि औषध त्याच्या आत पोचत नाही. अशी गाठ भूल देऊन, चिरून काढावी लागते. जंगलातून पकडून विकलेल्या प्राण्यांत कातडीखाली व डोळ्याभोवती गोलकृमीही आढळतात.

तपासणी व उपचार : पशुवैद्य फ्लुओरेसिन या रंगाचा थेंब डोळ्यात सोडून निळ्या प्रकाशात पाहतो. व्रण असेल तिथे रंग धरतो व हिरवा चमकतो. त्यानंतर निर्जंतुक सलाइनने शंकूच्या आतली पोकळी धुतात, साचलेला बोळा काढतात आणि गरजेनुसार प्रतिजैविकाचे थेंब देतात. मेडिकलमधून आणलेल्या, घरात पडून असलेल्या माणसांच्या थेंबांत अनेकदा स्टिरॉइड असते. व्रण असलेल्या डोळ्यात ते गेले तर व्रण चिघळून पटल फुटू शकते. गुलाबपाणी आणि मध यांनाही इथे स्थान नाही.

घरी करण्याजोगा एकच उपाय बहुधा निर्धोक असतो, तो म्हणजे लांबलेली फवारणी. कुंडीतले दणकट रोप न्हाणीघरात ठेवून त्यावर प्राणी बसवावा. कोमट पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर सोडावा, म्हणजे उडालेले तुषार तेवढे त्याच्या अंगावर येतात. वीस-तीस मिनिटांत तो स्वतःच डोळे फिरवून धुऊ लागतो. तोंडावर थेट धार मारू नये, आणि जवळ बसून राहावे. याने अडकलेला कण निघतो. संसर्ग किंवा जीवनसत्त्वाचा अभाव मात्र याने बरा होत नाही.

रोजची निगा : पिंजरा जाळीचा, हवा खेळती, तळ मोकळा व पुसता येण्याजोगा असावा. व्हेल्डला ऊन खाण्याची जागा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पँथरला त्याहून थोडी कमी लागते. रात्री तापमान उतरले पाहिजे. पहाटे व दिवे मालवल्यावर फवारणी, दिवसा ठिबकणारे पाणी अशी घडी बसवतात. सलाइनची रिकामी नळी व चिमटा वापरून ठिबक उत्तम जमते. पाणी जड असेल तर पानांवर व दिव्यांवर पांढरा थर चढतो, तेव्हा गाळणयंत्राचे पाणी बरे. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमानच प्राण्याच्या सोसण्यापलीकडे जाते. मे महिन्यात वातानुकूलन परवडणार नसेल, तर जॅक्सनसारखी डोंगरी जात नागपुरात पाळण्याचा विचारही करू नये.

भारतातील स्थिती : भारतात सापडणारा सरडगुहिरा, कॅमेलिओ झेलॅनिकस, हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात तो कोरड्या झाडोऱ्याच्या प्रदेशांत दिसतो आणि विषारी समजून नाहक मारला जातो, प्रत्यक्षात त्याला विष नसते. रस्त्यावर किंवा शेतात डोळ्याला इजा झालेला प्राणी आढळला, तर घरी उपचार न करता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. परदेशी जातींबाबत कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार कायद्याच्या अनुसूची ४ मधील प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पाळलेल्या बहुतेक जाती वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. कागदपत्रे नसलेला प्राणी घेणारा माणूस नंतर पशुवैद्याकडे जायलाही कचरतो, आणि डोळा जाण्याची अनेक प्रकरणे या टाळाटाळीत घडतात.

डोळा गेल्यास : व्रण फार खोल गेला किंवा संसर्ग आवरेना, तर डोळा शस्त्रक्रियेने काढतात. एका डोळ्याचा सरडगुहिरा नेम धरायला पुन्हा शिकतो, मात्र किडे शाबूत डोळ्याच्या बाजूने आणि ठरल्या जागी द्यावे लागतात. गुळगुळीत काठांचे खोल भांडे फांदीजवळ बांधून त्यात रेशमाच्या अळ्यांसारखे संथ भक्ष्य ठेवले, की काही दिवसांत तो त्या जागेवर येऊन खाऊ लागतो. दोन्ही डोळे गेलेल्याला आयुष्यभर हाताने भरवावे लागते. अशा वेळी प्राणी ठेवायचा की शांतपणे मरण द्यायचे, याचा निर्णय त्याचे वजन टिकते की नाही हे पाहून पशुवैद्याबरोबर घेतात.